पिशवी लॅबला गेली का?

मागच्या अंकात पित्ताशयातल्या खड्यांबद्दल लिहिलं होतं, आपल्या ग्वाल्हेरात सगळे पथरी म्हणतात तेच, आणि त्यात अगदी शेवटी दोन ओळी होत्या की ऑपरेशनमध्ये काढलेली पिशवी, म्हणजे पित्ताशय, लॅबला पाठवायला सांगा, खड्यांच्या आड कधीकधी गाठ असते. सगळा लेख राहिला बाजूला, पत्रं आली ती त्या दोन ओळींवरच. इथल्याच लष्कर, मुरार, दौलतगंज भागांतून, एक झाशीहून, एक इंदूरहून. बऱ्याच जणांनी रिपोर्टचे फोटो पाठवलेत. नाव कुणाचंच छापत नाहीये, आणि काही पत्रं थोडी कमी केली आहेत. एक आधीच सांगते, मी सर्जन नाही, पॅथॉलॉजिस्ट आहे, गजराराजा मेडिकल कॉलेजात शिकले आणि आयुष्य मायक्रोस्कोपसमोर गेलं, त्यामुळे औषध कुठलं घ्यायचं ते तुमचे डॉक्टर सांगतील, पण रिपोर्टात काय लिहिलंय आणि काय लिहायचं राहिलंय ते मी नक्की सांगू शकते.

डॉक्टर काकू, नमस्कार. आम्ही जिवाजीगंजात राहतो. माझ्या सासूबाईंचं (वय ६२) पथरीचं दुर्बिणीचं ऑपरेशन तीन आठवड्यांपूर्वी झालं. खडे बाटलीत घालून दाखवले, सगळं छान झालं म्हणाले, आम्ही निश्चिंत. टाके काढायला गेलो तर हातात बायॉप्सीचा रिपोर्ट दिला. त्यात न्यूरोएंडोक्राइन कार्सिनोमा लिहिलंय, केआय-६७ सत्तर टक्के. घरात कुणी म्हणतं हा कॅन्सर हळू वाढतो, स्टीव्ह जॉब्सला होता तोच, वर्षानुवर्षं काही होत नाही. कुणी म्हणतं पिशवी काढली म्हणजे विषय संपला. सासूबाईंना अजून काही सांगितलेलं नाही. खरं काय समजायचं?

तुझं पत्र मी रात्री वाचलं आणि सकाळी सगळ्यात आधी त्यालाच उत्तर लिहायला बसले, कारण यात वेळ घालवायला नको आहे. घरातले जे म्हणतायत ते दोन वेगळ्या आजारांची गल्लत करतायत, त्यांची चूक नाही, नावंच इतकी सारखी आहेत की नवे डॉक्टरही अडखळतात.

न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर हे एक आणि न्यूरोएंडोक्राइन कार्सिनोमा हे दुसरं. स्टीव्ह जॉब्सला होता तो स्वादुपिंडातला न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर, २००३ मध्ये कळला आणि तो गेला २०११ मध्ये. त्या जातीत पेशी बऱ्यापैकी शिस्तीत असतात, सावकाश वाढतात. कार्सिनोमा मात्र अजिबात सावकाश नसतो. ते ओळखायची एक खूण तुमच्या रिपोर्टातच आहे, केआय-६७. हा एक रंग असतो, ज्या पेशी वाढायच्या, दुभंगायच्या तयारीत आहेत त्यांचं केंद्रक त्याने तपकिरी होतं. शंभर पेशी मोजल्या तर त्यातल्या किती तपकिरी, तो आकडा. तीनपेक्षा कमी म्हणजे पहिली ग्रेड, तीन ते वीस म्हणजे दुसरी, वीसच्या वर तिसरी, आणि कार्सिनोमामध्ये तो वीसच्या पुष्कळ वर जातो. सासूबाईंचा सत्तर आहे. नुसत्या आकड्यावर नाव ठरत नाही, पेशी दिसतात कशा तेही बघावं लागतं, पण सत्तर म्हणजे थांबून बघू म्हणायची वेळ नाही हे नक्की.

तू लिहिलं नाहीस पण तुझ्या मनात असणार की पथरीत हे आलं कुठून. पित्ताशयाच्या अस्तरात या जातीच्या पेशी मुळात जवळजवळ नसतातच. पण वर्षानुवर्षं खडे घासत राहिले, सूज राहिली, की अस्तर आपलं रूप पालटतं, जठराच्या किंवा आतड्याच्या अस्तरासारखं दिसायला लागतं, आणि मग त्यात या पेशीही येतात, असं मानलं जातं. पित्ताशयाच्या कॅन्सरात शंभरातले नव्वदच्या आसपास ॲडेनोकार्सिनोमा असतात, नेहमीचा प्रकार. न्यूरोएंडोक्राइन शंभरात दोनच्या आसपास. म्हणजे आमच्यातल्याही एखाद्याने उभ्या नोकरीत हाताच्या बोटांवर मोजण्याएवढेच पाहिलेले असतात, आणि म्हणूनच मी तुला पहिलं काम सांगते ते स्लाइड रिव्ह्यूचं. आधीच्या लॅबवर अविश्वास म्हणून नाही, दुर्मीळ गोष्ट दोन जोडी डोळ्यांनी बघावी म्हणून.

ते कसं करायचं ते नीट वाच. ज्या लॅबने रिपोर्ट दिला तिथे अर्ज कर की स्लाइड्स आणि ब्लॉक दोन्ही हवेत. ब्लॉक म्हणजे मेणाची छोटी चौकोनी वडी, प्लॅस्टिकच्या जाळीदार डबीवर बसवलेली, तिच्यात पिशवीचा तुकडा असतो आणि तिच्यातून पाहिजे तितक्या पातळ चकत्या काढून नवीन रंग देता येतात. तो तुमचा आहे, मागायला संकोच करू नका, सही घेऊन देतात. दिल्लीला एम्सला नेणार असाल किंवा पंजाब मेलने मुंबईला टाटा मेमोरियलला, ब्लॉक हातातल्या पर्समध्ये ठेवा, आणि उन्हात उभ्या गाडीत विसरू नका, मेण आहे ते, आपल्याकडचा मे महिना तुला माहीतच आहे. स्लाइड्स काचेच्या, त्यांना लॅबवाले प्लॅस्टिकची डबी देतात, ती मागून घे.

रिव्ह्यू करणाऱ्याला विचारायचं काय, तर एक, हा शुद्ध न्यूरोएंडोक्राइन आहे की त्यात ॲडेनोकार्सिनोमाही मिसळलाय. मिश्र प्रकार पित्ताशयात बराच दिसतो, दोन्ही भाग प्रत्येकी निदान तीस टक्के असले की त्याला वेगळं नाव देतात, आणि तुकडे कमी घेतले असतील तर दुसरा भाग नजरेतून निसटतो. दोन, स्मॉल सेल की लार्ज सेल, म्हणजे पेशी लहान की मोठ्या. तीन, भिंतीत किती खोल गेलाय, आणि यकृताच्या बाजूला आहे की पोटाच्या मोकळ्या बाजूला, कारण यकृताच्या बाजूचा जास्त त्रासदायक आणि स्टेजमध्ये त्याला वेगळं लिहितात. चार, पित्तनळीच्या कापलेल्या टोकाशी गाठ पोचलीय का. आणि सर्जनना विचार की पिशवी काढताना फुटली होती का, पित्त सांडलं होतं का, पिशवी बॅगेत घालून बाहेर काढली की तशीच. हे भांडायला नाही विचारायचं. पुढच्या डॉक्टरला ते माहीत असणं फार गरजेचं असतं, पोटावरच्या त्या छोट्या भोकांच्या जागी लक्ष ठेवावं लागतं.

स्लाइड्स फिरत असताना स्कॅन थांबवू नका, दोन्ही कामं बरोबरच चालू दे. छाती-पोटाचा कॉन्ट्रास्ट सीटी, आणि कार्सिनोमा असल्यामुळे बहुधा साधा म्हणजे साखरेचा पेट स्कॅन सांगतील. डोटाटेट नावाचा वेगळा पेट असतो तो मुख्यतः सावकाश वाढणाऱ्या ट्यूमरसाठी, नाव ऐकून तोच आधी करून घेऊ नका, खर्चिक असतो. नंतर पुन्हा ऑपरेशन की आधी केमो हे स्कॅन बघून ऑन्कॉलॉजिस्ट, म्हणजे कॅन्सरचा डॉक्टर, ठरवेल. या जातीला केमो वेगळी लागते, प्लॅटिनम गटातलं औषध आणि त्याबरोबर इटोपोसाइड, फुफ्फुसाच्या स्मॉल सेल कॅन्सरला देतात तशी, नेहमीच्या पित्ताशयाच्या कॅन्सरची नाही. नावासाठी मी एवढी मागे का लागतेय ते यावरून कळेल, नाव चुकलं तर औषध चुकतं. आयुष्मान कार्ड असेल तर पहिल्या दिवसापासून सोबत असू दे.

आणि सासूबाईंना सांग. सगळं एकदम नाही, पण गाठ निघाली आहे आणि पुढे तपासण्या आहेत इतकं तरी. ६२ वर्षांची बाई आहे, घरातली कुजबुज तिला आधीच कळलेली असणार, आणि एकटीने अंदाज करत बसणं हे खरं कळण्यापेक्षा फार वाईट असतं, हे मी खूप घरांत पाहिलंय.

मी मुरारला असतो, वय ४६. ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये सोनोग्राफीत पित्ताशयात ७ एमएमचा पॉलिप निघाला. खडे नाहीत, त्रास काही नाही. एक डॉक्टर म्हणाले विसरून जा, दुसरे म्हणाले काढून टाका. नेमकं काय करू?

आधी सोनोग्राफी एकदा पुन्हा करा, सहा ते आठ तास उपाशी पोटी, आणि करणाऱ्याला सांगा की कूस बदलायला लावून बघा. खडा असेल तर सरकतो आणि मागे काळी सावली पाडतो, पॉलिप म्हणजे अस्तरावर आलेला कोंब, तो जिथल्या तिथे चिकटून राहतो. पित्ताचा गाळही पुष्कळदा पॉलिप म्हणून लिहिला जातो. खरोखर पॉलिप असला तरी बहुतेक वेळा तो कोलेस्टेरॉलचा असतो, अस्तराखाली साठलेली पिवळी चरबी, काढलेली पिशवी उघडली की आतून स्ट्रॉबेरीच्या सालीसारखे ठिपके दिसतात, त्याचा कॅन्सर होत नाही.

साधारण हिशेब असा की १० एमएम किंवा वर गेला तर काढतात. ५ पर्यंत असेल आणि जोखीम काही नसेल तर मागे लागायची गरज नाही. तुमचा मधला आहे, सहा ते नऊ, आणि याच पट्ट्यात दोन डॉक्टरांची दोन मतं होतात. युरोपातल्या तज्ज्ञांच्या २०२२ च्या सूचनांत सहा ते नऊवाल्यांना जोखमीची एखादी गोष्ट असेल तर काढायचा सल्ला आहे, साठीच्या पुढचं वय, पित्तनळ्यांचा एक जुनाट आजार, देठ नसलेला चपटा पॉलिप, आणि त्या यादीत आशियाई वंशही आहे. म्हणजे जर्मनीतल्या माणसाला सहा महिन्यांनी या म्हणतील तिथे मुरारच्या माणसाला सर्जनला दाखवा म्हणतील. मला स्वतःला वाटतं की तुम्ही विसरून जाऊ नये. पोटाच्या सर्जनला दाखवा, देठ आहे का चपटा आहे ते लिहून घ्या, आणि ऑपरेशन नको ठरलं तर सहा महिने, एक वर्ष, दोन वर्षं अशा तीन तारखा आजच मोबाइलमध्ये टाका, शक्यतो एकाच सेंटरला, म्हणजे माप जुळतं. मधे दोन एमएमने वाढला तर परत सर्जनकडे.

माझ्या वडिलांना पित्ताशयाची भिंत खूप जाड झालेली, सीटीत कॅन्सरचा दाट संशय म्हणून दिल्लीला मोठं ऑपरेशन झालं, पिशवीबरोबर लिव्हरचाही तुकडा काढला. रिपोर्ट आला झँथोग्रॅन्युलोमॅटस कोलेसिस्टायटिस, कॅन्सर नाही. आनंद झालाच, पण आता सगळे नातेवाईक म्हणतायत की तुम्हाला फसवलं, एवढं चिरायची गरजच नव्हती. वडीलही तेच मनात धरून बसलेत. (दौलतगंज)

वडिलांना माझा निरोप सांगा की त्यांना कुणी फसवलेलं नाही. हा आजार पॅथॉलॉजिस्टलाही चकवतो, पिशवी हातात असूनही. मी सांगते काय दिसतं ते. पिशवी कापायला घेतली की सुरी सहज जात नाही, भिंत बोटाएवढी जाड, आत पिवळट गाठी, यकृताला घट्ट चिकटलेली, कधी आतडंही ओढून घेतलेलं, आणि हे सगळं अगदी कॅन्सरसारखं. मायक्रोस्कोपखाली गेल्यावर मग दिसतं की चरबी खाऊन फुगलेल्या, फेसाळ पेशींचे थवेच्या थवे आहेत, सूज आहे, गाठ नाही. पित्त भिंतीत झिरपतं आणि शरीर ते साफ करायला जातं, त्याची ही खूण. आपल्या देशात हा प्रकार पाश्चात्त्य देशांपेक्षा पुष्कळ जास्त दिसतो. आणि पंचाईत ही की काही वेळा याच सुजेत खरा कॅन्सरही सोबत असतो, म्हणून रेडिओलॉजिस्ट कितीही हुशार असला तरी छातीठोकपणे हा तोच असं ऑपरेशनच्या आधी म्हणू शकत नाही. भिंतीतल्या काळ्या बारीक गाठी, आतलं अस्तर अखंड असणं, असल्या खुणा सीटीत बघतात, त्या सूज सुचवतात, पण सिद्ध करत नाहीत.

उलटं झालं असतं तर काय, तेही नातेवाईकांना विचारा. साधी सूज समजून पिशवी तेवढी ओढून काढली आणि आत कॅन्सर निघाला, तर तो पोटात पसरवून ठेवल्यासारखं झालं असतं. लिव्हरचा तो पाचरीएवढा तुकडा गेल्याने वडिलांचं काही अडत नाही, यकृत तेवढं भरून काढतं. एक गोष्ट मात्र बघून घ्या, रिपोर्टात किती तुकडे तपासले ते लिहिलेलं असतं. अशा पिशवीत दोन-तीन तुकड्यांवर भागत नाही, भरपूर घ्यावे लागतात. भरपूर घेतलेत आणि कुठेच कॅन्सर नाही असं असेल तर वडिलांना जेवायला वाढा आणि हा विषय घरात बंद करा.

काकांना पित्ताशयात गाठ दिसतेय, सर्जन म्हणतात सरळ ऑपरेशन. आम्ही म्हणतो आधी सुईने तपासून कॅन्सर आहे का ते नक्की करा, मगच कापा. ते ऐकत नाहीत. आमचं चुकतंय का? सीए १९-९ पण चारशेच्या वर आलंय आणि डोळे पिवळे आहेत.

तुमचं वाटणं साहजिक आहे, स्तनातल्या गाठीला आधी सुई, थायरॉइडला आधी सुई, मग इथे का नाही. कारण पित्ताशय ही पातळ भिंतीची पित्ताने भरलेली पिशवी आहे, सुई गेली की वाटेत पेशी सांडू शकतात, आणि जी गाठ पूर्ण निघून यायची होती ती पोटात विखुरते. म्हणून ऑपरेशनने निघेल असं स्कॅनमध्ये दिसत असेल तर सुई घालत नाहीत, सर्जनचं बरोबर आहे. सुईचं काम येतं ते गाठ निघण्यापलीकडे गेली असेल आणि केमो द्यायची असेल तेव्हा, कारण नावाशिवाय केमो देता येत नाही, किंवा स्कॅन बघून वेगळाच संशय असेल तेव्हा. लिम्फोमा, म्हणजे लसिका पेशींचा कॅन्सर, पित्ताशयात क्वचित सुरू होतो, त्याला मुख्य उपाय औषधाचा. किंवा अंगावरच्या काळ्या तिळाचा मेलॅनोमा पूर्वी झालेला असेल तर तो पित्ताशयात येऊन बसू शकतो. काकांचं पूर्वीचं कुठलंही ऑपरेशन, काढलेला तीळ, स्तनाची किंवा किडनीची गाठ, काहीही असेल तर सर्जनला आवर्जून सांगा, लोक हे सांगायचं विसरतात कारण त्यांना त्याचा संबंध वाटत नाही. सुई घालावी लागलीच तर हल्ली दुर्बिणीला सोनोग्राफी जोडून जठरातून, आतड्यातून बाजूच्या लसिका गाठीतून घेतात, ते जास्त सुरक्षित.

सीए १९-९ चा, म्हणजे कॅन्सरची खूण म्हणून रक्तात मोजतात त्या आकड्याचा, धसका घेऊ नका. कावीळ असली, पित्त अडलं असलं की तो साध्या खड्यानेही शेकड्यात जातो. अडथळा मोकळा झाल्यावर परत केलेला आकडा खरा. आणि काही लोकांच्या रक्तात तो बनतच नाही, त्यांचा कॅन्सर असूनही नॉर्मल येतो.

दोन वर्षांपूर्वी माझं (वय ५१) पथरीचं ऑपरेशन झालं. मागचा अंक वाचून फाइल काढली तर बायॉप्सीचा रिपोर्टच नाही. खडे मात्र बाटलीत अजून कपाटात आहेत. आता मी काय करू, झोप लागत नाहीये. (लष्कर)

ताई, तुमच्या पत्रातली ती बाटली वाचून मी थोडा वेळ काही लिहूच शकले नाही. माझ्या सख्ख्या मावशीची अशीच बाटली होती. लष्करातच, एका नर्सिंग होममध्ये ऑपरेशन झालं, तेव्हा पोट उघडून करायचे. मी भेटायला गेले तर उशाशी बाटलीत सतरा खडे, तपकिरी, कंगोरेदार, ती प्रत्येकाला कौतुकाने दाखवत होती. मी विचारलं पिशवी लॅबला गेली का. तिथले म्हणाले त्यात काही नव्हतं हो, साधी होती, टाकून दिली. मी तेव्हा नवी होते, थोरामोठ्यांपुढे बोलले नाही. चौदा महिन्यांनी टाक्यांच्या रेषेत सुपारीएवढी गाठ आली आणि आठवड्याभरात डोळे पिवळे. त्या गाठीची स्लाइड माझ्याच टेबलावर आली. ॲडेनोस्क्वॅमस कॅन्सर, अर्धा भाग ग्रंथींचा आणि अर्धा त्वचेच्या पेशींसारखा, पित्ताशयात फार कमी दिसणारा आणि शेजारच्या यकृतात झपाट्याने घुसणारा. मावशी चार महिन्यांत गेली. ती पिशवी कुणी उघडून पाहिली असती, बोट फिरवून भिंत कुठे कडक लागते ते बघितलं असतं, एक तुकडा फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे तो टिकवणाऱ्या द्रावात, टाकला असता, तर ती वाचलीच असती असं मी म्हणणार नाही, पण पुढचं ऑपरेशन करायची संधी तिला मिळाली असती. त्या दिवशी मी बोलले नाही म्हणून आता प्रत्येक अंकात बोलते.

तुमचं तसं होईल असं मुळीच नाही, हे आधी मनावर घ्या. खड्यांसाठी काढलेल्या शंभर पिशव्यांत बहुतेक सगळ्या साध्या निघतात. आणि असा लपलेला आजार परत येतो तो बहुधा पहिल्या दोन वर्षांत, तुमची ती निघून गेली आहेत आणि तुम्हाला काही नाही, हे चांगलं लक्षण आहे. तरी उद्या एवढं करा की जिथे ऑपरेशन झालं तिथे डिस्चार्ज नंबर घेऊन जा आणि विचारा की सॅम्पल गेलं होतं का. माझ्या लॅबमध्ये कपाटभर रिपोर्ट पडून असायचे, कुणी न्यायलाच यायचं नाही, टाके निघाले की लोक विसरतात. गेलं असेल तर ब्लॉक वर्षानुवर्षं जपून ठेवलेले असतात, आजही बघता येतो. गेलं नसेल तर एक पोटाची सोनोग्राफी करून घ्या, टाक्यांच्या जागा हाताने चाचपून बघा, वजन उगाच उतरतंय का, अंगाला खाज, डोळ्यांत पिवळेपणा, यातलं काही असेल तर लगेच डॉक्टर. काहीच नसेल तर झोपा.

आणि ज्यांचं ऑपरेशन व्हायचंय त्यांच्या घरच्यांसाठी. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी विचारा, पिशवी बायॉप्सीला जाणार ना. लहान ठिकाणी पैसे वाचवायला म्हणून लोकच नको म्हणतात, तसं म्हणू नका. पिशवी नुसती फॉर्मॅलिनमध्ये बुडवूनही चालत नाही, आतलं पित्त अस्तराला कुजवतं, ती उभी कापून उघडून टाकायला हवी, किंवा लगेच लॅबला पोचवायला हवी. फॉर्मॅलिन पिशवीच्या दहापट तरी असावं. मी किती वेळा पाहिलंय, इवल्याशा डबीत कोंबलेली पिशवी, वर चमचाभर फॉर्मॅलिन, उघडली की आत हिरवा लगदा. त्यात काय बघणार. सर्जन उघडून बघत असतील तर उत्तमच, कुठे जाड वाटलं तर तिथे दोरा बांधून देतात, आम्ही नेमका तिथला तुकडा घेतो. लवकरचा असेल आणि फक्त अस्तरापुरता असेल तर पिशवी काढली तेवढंच पुरतं. स्नायूच्या थरात गेला असेल तर यकृताचा शेजारचा भाग आणि लसिका गाठी काढायला दुसरं ऑपरेशन लागतं. या दोन थरांत जेमतेम मिलिमीटरचं अंतर असतं, ते सुरकुतलेल्या, कुजलेल्या तुकड्यात मोजता येत नाही.

आपल्याकडेच पित्ताशयाचे कॅन्सर इतके का ऐकू येतात? मला खडे आहेत, दुखत नाहीत, काढून टाकू का? (झाशी)

उत्तर भारतात, गंगेच्या खोऱ्यात आणि ईशान्येकडे तो दक्षिणेपेक्षा खूपच जास्त आहे, हे खरं. जगात चिलीत असाच जास्त दिसतो. बायकांना पुरुषांपेक्षा दुप्पट-तिपटीने. खडे, टायफॉइडचे जंतू पित्ताशयात ठाण मांडून बसणं, पाण्यातले जड धातू, अशी कारणं शोधली जातायत, एकावर बोट ठेवता येत नाही. कॅन्सर झालेल्या बहुतेकांच्या पिशवीत खडे सापडतात, पण खडे असलेल्या बहुतेकांना कॅन्सर कधीच होत नाही, ही दोन वाक्यं उलटसुलट करू नका. दुखत नसेल तर सरसकट काढत नाहीत. खडा तीन सेंटीमीटरपेक्षा मोठा, सोबत पॉलिप, भिंतीत चुना साठलेला किंवा भिंत एखाद्याच जागी जाड, असं काही असेल तर मात्र सर्जनला भेटा. सोनोग्राफीच्या रिपोर्टात भिंतीची जाडी लिहिलेली असते, तीन एमएमपर्यंत ठीक. ती ओळ वाचा, सगळे नुसता खड्यांचा आकडा वाचतात.

इंदूरच्या वाचक भगिनीला उत्तर देता आलं नाही, कारण रिपोर्टचा फक्त शेवटचा परिच्छेद पाठवलाय, निदान लिहिलेला. मला वरचा भाग हवा असतो, ग्रॉस म्हणून लिहितात तो, पिशवी किती लांब होती, उघडून आली की बंद, भिंत किती जाड, किती तुकडे घेतले. पुढच्या वेळी सगळी पानं पाठवा, लॅबचा नंबर लिहिलेला कोपराही कापू नका, आणि फोटो खिडकीशी उजेडात काढा.